साध्या नकाशात ऊन-सावली कशी आणायची: कोकणातल्या एका घराच्या ड्रॉइंगवरून

डिप्लोमा किंवा बी.आर्क.ची मुलं ऑफिसात नवीन येतात तेव्हा त्यांचे नकाशे मापाला चोख असतात. भिंती जुळलेल्या, दारं योग्य बाजूला उघडणारी, जिन्याच्या पायऱ्या मोजून बरोबर. तरी शीट भिंतीवर लावली की नजर कुठेच थांबत नाही. कौलं, भिंत, खिडकीचे गज, जमिनीची रेषा, सगळं एकाच जाडीत. घर कुठे संपलं आणि अंगण कुठे सुरू झालं हे शोधावं लागतं.

मग मुलं रंग भरायला घेतात. हिरवी हिरवळ, निळं आकाश, इंटरनेटवरून उतरवलेली झाडं, एखादी लाल गाडी. शीट रंगीत होते, पण घर आहे तिथेच राहतं. माझं इतक्या वर्षांचं मत असं, की ड्रॉइंग देखणं करायचं तर आधी तीन गोष्टी दिसायला हव्यात: काय कापलं आहे, काय पुढे आहे आणि ऊन कुठे पडतं आहे. एवढं जमलं की काळ्या-पांढऱ्यातलं ड्रॉइंगही उठून दिसतं. रंगाची वेळ त्यानंतर.

समजायला सोपं जावं म्हणून एकच घर घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच काम करू. घर सिंधुदुर्गातलं, जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, आत ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. समोर सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, खळ्यात तुळस. मागे विहीर. घराची रुंदी १२ मीटर, खोली ९ मीटर. १:५० प्रमाणात हे २४ बाय १८ सेंटीमीटर होतं, म्हणजे खळं आणि विहिरीसकट ए-२ कागदावर नीट बसतं.

आधी थोडं पुसून घ्या

मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत करा आणि त्या प्रतीतून मापं, ग्रिडच्या रेषा, दार-खिडक्यांचे क्रमांक, सेंटर लाइन, वायरिंग, प्लंबिंग सगळं बंद करा. गवंड्याला या गोष्टी लागतात. घरमालकाला दाखवायच्या शीटवर त्यांची गर्दी होते.

इथेच एक महत्त्वाचं सांगतो. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीमार्फत मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर यातलं काही करायचं नाही. तिथे रंगांना ठरलेला अर्थ असतो: नवीन बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेषांचं, ड्रेनेजची लाइन लाल तुटक. त्या नकाशावर कौलं छान दिसावीत म्हणून लालसर रंग मारलात, तर तपासणारा त्याचा वेगळाच अर्थ लावेल. सबमिशनची फाइल वेगळी, प्रेझेंटेशनची वेगळी.

रेषांची जाडी

या पायरीला जितका वेळ द्याल तितका पुढे वाचतो. हातानं काढत असाल तर टेक्निकल पेनाचे पाच नंबर पुरतात: ०.१३, ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिलिमीटर. हे आकडे ठरवण्यामागे हिशेब आहे. ०.२५ नंतर प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड आहे, आणि ए-३ च्या मानानं ए-२ कागदही लांबीला तेवढाच, १.४ पट मोठा असतो. त्यामुळे ए-२ ची शीट ए-३ वर छोटी करून छापली, की ०.३५ ची रेषा नेमकी ०.२५ ची होते. सगळ्या रेषा एकेक पायरी खाली उतरतात आणि त्यांचं आपसातलं नातं टिकून राहतं. फक्त सगळ्यात बारीक ०.१३ ची रेषा तेवढी ०.०९ वर येते, आणि ती झेरॉक्समध्ये तुटते. शीट पुढे छोटी होणार हे माहीत असेल तर बारीक रेषेलाही ०.१८ चं पेन वापरा.

कुठे कुठली रेषा? प्लॅनमध्ये जे कापलं आहे ते ०.५. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर घर आडवं कापून वरून बघणं. त्या पातळीवर सापडलेली भिंत, पडवीचे खांब, दाराची चौकट, हे सगळं जाड. त्याच्या खाली राहिलेलं, म्हणजे जोत्याची कड, पायऱ्या, ओटा, चूल, पलंग, ०.२५ नं. फरशीचे किंवा चिऱ्याचे सांधे आणि कौलांच्या ओळी ०.१३ नं.

०.३५ कुठे वापरायची हे मुलांना पटकन उमगत नाही. ती आहे बाह्यरेषेसाठी. एलेव्हेशन, म्हणजे घराचं समोरून दिसणारं सपाट चित्र, बघताना प्रत्येक कडेला एकच प्रश्न विचारा: या रेषेच्या पलीकडची वस्तू किती लांब आहे? आढ्याच्या वर नुसतं आकाश, म्हणजे अंतराला शेवटच नाही, तिथे रेषा जाड. पडवीच्या खांबामागची भिंत दोन मीटर आत, तिथे मध्यम. खिडकीच्या चौकटीमागे झडप जेमतेम दोन इंच आत, तिथे बारीक. पलीकडे जितकी पोकळी जास्त तितकी रेषा जाड, एवढं लक्षात ठेवलं की नंबर पाठ करावे लागत नाहीत.

राहिली ०.७. ती जमिनीसाठी, एलेव्हेशनमध्ये आणि सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात. घर कागदावर तरंगतंय असं वाटलं की बहुतेक वेळा जमिनीची रेषा बारीक राहिलेली असते.

ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे मोनोक्रोमची तयार प्लॉट स्टाइल, म्हणजे छपाईची ठरलेली सेटिंग, लावून प्रिंट काढायची. ती रंगांचं काळं करते, पण जाडी ठरवत नाही. लेयरला जाडी दिलेली नसेल तर प्रत्येक रेषा मुळातल्या ०.२५ वर छापली जाते आणि शीट पुन्हा एकसुरी होते. स्वतःची प्लॉट स्टाइलची सी.टी.बी. फाइल एकदाच बनवा, रंगाला जाडी ठरवून द्या आणि सगळ्या कामांना तीच वापरा. स्क्रीनवर लाइनवेट दिसतोय एवढ्यावर विसंबू नका. ए-४ वर एक कोपरा छापून हातात धरून बघा.

हाताच्या ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यावर दोन रेषा नक्की भेटू द्या, हवं तर मिलिमीटरभर एकमेकींच्या पुढे जाऊ द्या. तोंडं मिटलेली नसतील तर भिंत उसवल्यासारखी दिसते.

भिंत भरणे

कापलेल्या भिंतीच्या दोन रेषांमधली जागा भरली की प्लॅन एकदम वाचता येतो, कारण नजर रेषांवरून उठून खोल्यांवर जाते. जामबात्तिस्ता नोल्ली या इटालियन नकाशाकारानं १७४८ मध्ये रोमचा नकाशा याच तत्त्वावर केला. इमारती गडद ठेवल्या, आणि रस्ते, चौक, एवढंच काय चर्चच्या आतली लोकांना खुली असलेली जागाही कोरी सोडली. पावणेतीनशे वर्षांनंतरही तो नकाशा पाहताना शहरातून कुठून कुठे चालत जाता येईल ते लगेच कळतं.

आपल्या घरात मात्र सगळं काळं भरू नका. जांभ्याची बाहेरची भिंत ३८० मिलिमीटर धरली तर १:५० ला ती साडेसात मिलिमीटरहून जाड पट्टी होते. एवढी काळी पट्टी चारी बाजूंनी फिरली तर प्लॅन श्राद्धाच्या पत्रासारखा दिसतो. जाड भिंती ६० ते ७० टक्के करड्या ठेवा आणि त्यांची कड ०.५ नं काळी काढा. आतली साडेचार इंची विटेची भिंत दोन-सव्वादोन मिलिमीटरच येते, ती पूर्ण काळी चालते. दगडाची भिंत आणि विटेची भिंत यांतला फरक एकही अक्षर न लिहिता दिसतो.

सावली

सपाट एलेव्हेशन खोल दिसायला लागतं ते सावलीनं. नियम एकच आहे आणि तो दीडशे-दोनशे वर्षं ड्रॉइंग बोर्डांवर चालत आला आहे: ऊन डावीकडून, वरून, समोरून येतं आणि प्लॅन, एलेव्हेशन दोन्हींत ४५ अंशात दिसतं असं धरायचं. त्याचा फायदा असा, की वस्तू भिंतीपासून जितकी पुढे, तितकीच तिची सावली खाली आणि तितकीच उजवीकडे. आकडेमोड लागतच नाही. प्लॅनवरून डिव्हायडरनं अंतर उचलायचं आणि एलेव्हेशनवर ठेवायचं.

आता आपल्या पडवीवर करून बघू. खांबांपासून मागची भिंत २.१ मीटर आत आहे. पागोळी, म्हणजे छपराचा खालचा शेवट, खांबांच्या ०.६ मीटर पुढे आली आहे. म्हणजे पागोळीची कड भिंतीपासून २.७ मीटर पुढे, आणि तिची सावली भिंतीवर पागोळीच्या २.७ मीटर खाली पोचायला हवी. पण पागोळीपासून पडवीच्या जमिनीपर्यंतची उंचीच २.१ मीटर आहे. अर्थात मागची भिंत, दार, खिडक्या सगळं सावलीत बुडालेलं. खांबांवर मात्र पागोळीची सावली ०.६ मीटरच येते, कागदावर १२ मिलिमीटर. त्याखाली खांब उन्हात. जोत्याची पुढची बाजूही उन्हात.

हे प्रत्यक्ष भरून बघा. गडद पडवीच्या पार्श्वभूमीवर खांब पांढरे उभे राहतात, खाली जोत्याची उजळ पट्टी, वर उन्हातलं छप्पर. कोकणातलं घर मे महिन्यात दुपारी खळ्यात उभं राहून पाहिलं तर असंच दिसतं. छप्पर आणि जोतं यांच्यामध्ये एक गार काळोखी पट्टा. तो पट्टा ज्या ड्रॉइंगमध्ये आला त्याला कौलांचा लाल रंग नाही दिला तरी चालतं.

बाजूच्या भिंतीवरच्या खिडकीसाठी हाच नियम आत वळवा. झडप भिंतीच्या २३० मिलिमीटर आत असेल, तर झडपेच्या वरच्या आणि डाव्या कडेला साडेचार मिलिमीटरची सावली येते. उजवी आणि खालची कड उजळ. बरेच जण चारी बाजूंनी सारखी काळी कड देतात आणि मग खिडकी भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखी दिसते.

छपराच्या प्लॅनमध्ये किंवा साइट प्लॅनमध्ये उंचीइतकी सावली सरकवायची: पागोळीची कड जमिनीपासून २.७ मीटर वर असेल तर सावली उजवीकडे २.७ आणि वर किंवा खाली २.७. वर की खाली, यावर वाद होतात. उत्तर दिशा वर ठेवलेल्या नकाशात सावली वर पडणं खरं, कारण आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पण माणसाच्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय आहे. सावली वर टाकली की काहींना घराच्या जागी खड्डा दिसतो. डोंगरांचे नकाशे काढणारेही याच कारणासाठी वायव्येकडून उजेड धरतात. मी साइट प्लॅनमध्ये सावली उजवीकडे खालीच टाकतो. मात्र घराचं ऊन कसं येतं हे समजावणारी शीट असेल, तर दिशा खरी ठेवा आणि शीटवर महिना-वेळ लिहा.

सावली भरायची कशानं? हातानं करायचं तर अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना पाण्यात मिसळून करडा करा. नुसत्या काळ्या रंगाची सावली काजळीसारखी बसते आणि तिच्याखालच्या रेषा मरतात. वरून खाली येताना ब्रशमध्ये थोडं थोडं पाणी वाढवत जा, म्हणजे सावली पागोळीखाली गडद आणि जमिनीजवळ फिकट होईल. खळ्यावर पडलेलं ऊन परतून पडवीत खालून उजेड टाकतं, त्यामुळे डोळ्यालाही ती तशीच दिसते.

कागद महत्त्वाचा आहे. साधा कार्ट्रिज कागद पाण्यानं सुरकुततो. ३०० जी.एस.एम.चा कागद घ्या, किंवा निदान चारी कडा गमटेपनं बोर्डावर चिकटवा. रेषा जेल पेनच्या असतील तर पाणी लागताच फुटतील. टेक्निकल पेनची शाई वॉटरप्रूफ असते. कॅडमधून छापून त्यावर रंगवणार असाल तर लेझर प्रिंट काढा. तिचा टोनर पाण्यात हलत नाही, साध्या इंकजेटची शाई मात्र बहुधा पसरते. जाड कागद घेणारा लेझर प्रिंटर कॉलेजांजवळच्या बऱ्याच झेरॉक्सवाल्यांकडे सापडतो.

कॉम्प्युटरवर करायचं तर पी.डी.एफ. फोटोशॉपमध्ये उघडा. पैसे खर्चायचे नसतील तर क्रिटा किंवा गिंप आहे, दोन्ही फुकट आणि या कामाला पुरेसे. ए-२ साठी ३०० डी.पी.आय.ला ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल होतात. लॅपटॉप अडखळत असेल तर २०० वर करा, भिंतीवर लावायच्या शीटला तेवढं चालतं. सावलीचा थर वेगळा ठेवा, त्याचा मोड मल्टिप्लाय करा, निळसर जांभळट करडा रंग घ्या आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) ३५ ते ४० टक्क्यांवर ठेवा. सावलीखालच्या रेषा दिसल्या पाहिजेत. सगळ्या सावल्या एकाच थरावर, एकाच गडदपणाच्या. एकावर एक चढून दुप्पट काळी झालेली सावली खऱ्या जगात नसते.

कौलं आणि चिरे

इथे आळस केला की लगेच दिसतो. तयार हॅच, म्हणजे रेषांचा छापील नमुना, उचलून छपरावर टाकला तर कौलं एक तर परातीएवढी होतात, नाहीतर इतकी बारीक की छप्पर काळं पडतं. मंगलोरी कौलांच्या रिपा साधारण ३२० मिलिमीटर अंतरावर ठोकतात. पण हे अंतर उतारावरचं. छपराचा उतार ३० अंश असेल तर एलेव्हेशनमध्ये दोन ओळींमधली उंची त्याच्या निम्मी दिसते, १६० मिलिमीटर, म्हणजे १:५० ला ३.२ मिलिमीटर. वरून बघितलेल्या प्लॅनमध्ये तेच अंतर २७७, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. एकाच छपरावरच्या ओळी दोन ड्रॉइंगमध्ये दोन अंतरांवर येतात, आणि तसंच यायला हवं.

सगळं छप्पर कौलांनी भरू नका. पागोळीजवळच्या तीन-चार ओळी पूर्ण काढा, आढ्याजवळ दोन, आणि मध्ये ओळी तुटत तुटत विरळ होऊ द्या. जिथे ऊन सगळ्यात जास्त तिथे कागद कोरा. उरलेली कौलं डोळा स्वतः भरतो.

चिऱ्यांचंही तसंच. थराची उंची साइटवर मोजून आणा, कारण खाणीप्रमाणे ती बदलते. सात इंच आणि वर सांध्याची जाडी धरली तर थर कागदावर पावणेचार मिलिमीटरचा होतो. सांधे कोपऱ्यांवर, खिडकीच्या कमानीभोवती आणि सावलीच्या कडेला दाखवा, मधली भिंत रिकामी सोडा. जांभा सच्छिद्र असतो, तर काही चिऱ्यांवर टोकदार पेन्सिलीनं चार-पाच ठिपके द्या. प्रत्येक चिऱ्यावर नाही.

झाडं आणि माणसं

मला सगळ्यात जास्त खटकतं ते सिंधुदुर्गातल्या घरामागे उभं केलेलं पाइनचं झाड. तयार झाडांच्या फायलींमध्ये मेपल, पाइन, बर्च असतात, आणि मुलं ती बिनदिक्कत लावतात. घरमालक बोलत नाही, पण हे आपलं घर नाही एवढं त्याला जाणवतं. साइटवर जाऊन असलेली झाडं काढा. नारळ खोडाला थोडा बाक देऊन, माड म्हणजे सरळ काठी नव्हे. पोफळ मात्र सरळ, सडपातळ. आंब्याची घुमटी भरगच्च आणि खाली गडद. फणसाला खोडावरच फळं. या चार झाडांच्या बाह्यरेषा हाताशी आल्या की कोकणातलं कुठलंही घर सजतं. देशावरच्या कामाला कडुलिंब आणि बाभूळ शिका.

माप इथेही सोडू नका. नारळाची लागवड साधारण साडेसात मीटरवर करतात, पोफळीची पावणेतीन मीटरवर. झावळ्यांचा घेरही त्याच हिशेबात. १:५० प्लॅनमध्ये एक नारळ १५ सेंटीमीटरचं वर्तुळ व्यापतो! तो पूर्ण काढला तर अर्धं खळं झाकलं जाईल. म्हणून खोडाचा छोटा भरीव ठिपका द्या आणि झावळ्यांची कड ०.१३ नं, तुटक, जिथे घरावर येते तिथे पुसून टाकलेली.

माणूस १.६५ मीटरचा धरा, कागदावर ३३ मिलिमीटर. समपातळीच्या जमिनीवर, उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेल्या पर्स्पेक्टिव्हमध्ये साधारण सारख्या उंचीच्या सगळ्यांची डोकी क्षितिजरेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा. पाय खाली-वर होतात. हे चुकलं की लांबची माणसं बुटकी दिसतात. आणि माणसांना ओव्हरकोट घालू नका. पडवीत सुपातलं तांदूळ निवडत बसलेली बाई, खळ्यात वाळत घातलेली आमसुलं, पायरीवर काढलेल्या चपला, बस. दोन माणसं पुरतात. त्यातलं एक दाराजवळ ठेवा, म्हणजे दाराची उंची आपोआप कळते.

यासाठी बाळकृष्ण दोशींची ड्रॉइंग जरूर पाहा. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले, मुंबईत जे.जे.त शिकलेले, २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळालेले वास्तुविशारद. त्यांनी स्वतःच्या काही इमारती लघुचित्रांच्या पद्धतीनं चितारल्या आहेत. प्लॅन आणि एलेव्हेशन एकाच चित्रात, सोबत झाडं, प्राणी, माणसं, रंग सपाट. प्रमाणबद्ध ड्रॉइंगला आपल्या मातीतलं रूप कसं देता येतं याचं मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

रंग

तीन पुरेत. सावलीचा निळसर करडा, जांभ्याचा तांबूस आणि झाडांचा एक हिरवा. साइटचा फोटो काढून त्यातूनच रंग उचला. नवा चिरा विटकरी असतो, दोन-चार पावसाळ्यांनंतर काळपट आणि शेवाळी होतो. हिरव्यात थोडा तोच तांबूस मिसळा, म्हणजे तो भडक राहणार नाही. आकाश रंगवू नका.

अक्षरं आणि शीटची मांडणी

घरमालक मराठी असेल तर खोल्यांची नावं मराठीत लिहा. लिव्हिंग रूम लिहिल्यावर जी खोली परकी वाटते ती ओटी लिहिल्यावर ओळखीची होते. ऑटोकॅडच्या जुन्या एस.एच.एक्स. फाँटमध्ये देवनागरी येत नाही, युनिकोडचा ट्रूटाइप फाँट घ्या. मुक्त हा फाँट फुकट मिळतो आणि बारीक आकारातही वाचता येतो. मराठी अक्षराला वर वेलांटी, खाली उकार असतात, म्हणून इंग्रजी अक्षर जिथे अडीच मिलिमीटरला चालतं तिथे मराठी तीन-साडेतीनचं ठेवा आणि दोन ओळींत जागा जास्त सोडा. एका शीटवर एकच फाँट, तीन आकारांत.

मांडणीत प्लॅन खाली आणि एलेव्हेशन बरोबर त्याच्या वर, दार दाराच्या रेषेत. डोळा दोन्हींमध्ये खालीवर फिरतो आणि समजून घेतो. कडेला कोरी जागा भरपूर राहू द्या. आणि प्रमाण नुसतं १:५० असं लिहून सोडू नका, सोबत मापपट्टी काढा. तुमची शीट व्हॉट्सॲपवर जाणार, कुणीतरी ती फोनवर मोठी करून बघणार, तेव्हा १:५० या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मापपट्टी मात्र चित्रासोबत लहान-मोठी होते.

फोनसाठी पूर्ण शीट पाठवू नका. पडवीचा भाग, माजघराचा भाग, असे तीन-चार तुकडे वेगळे कापून पाठवा आणि त्यात बारीक रेषा थोड्या जाड करून घ्या.

दाखवण्याआधी

शीट भिंतीवर लावून तीन मीटर मागे जा आणि डोळे किलकिले करा. पहिल्यांदा जे दिसतं तेच तुम्हाला दाखवायचं होतं का? आपल्या घरात ती पडवी असायला हवी. झाड दिसलं तर झाड फिकट करा. मग रंगीत शीटची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा. छप्पर, भिंत आणि झाड एकाच करड्यात मिसळले असतील तर रंगांचा गडदपणा चुकला आहे.

त्यानंतर शीट अशा माणसाला दाखवा ज्याला नकाशा वाचता येत नाही. मी असंच एका घराचं ड्रॉइंग कुडाळजवळच्या एका कुटुंबाकडे घेऊन गेलो होतो. मुलगा मापं विचारत होता. आजी बाजूला बसली होती, तिला आधी दाखवलेल्या साध्या प्लॅनमधलं काही कळलं नव्हतं. या वेळी तिनं शीट मांडीवर घेतली, तुळस शोधली, तुळशीपासून बोट फिरवत पायरी चढली, पडवीतून ओटीवर, माजघरातून स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या पडवीच्या सावलीवर थांबली. म्हणाली, "ह्या काळोखात मी भांडी कशी घासूची?"

तिचं बरोबर होतं. मागच्या पडवीचं छप्पर आम्ही गरजेपेक्षा लांब ओढलं होतं, आणि नुसत्या रेषांमध्ये ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. छप्पर दोन फूट मागे घेतलं आणि मोरीवर काचेची चार कौलं बसवली. सावलीचा थर वेगळा ठेवलेला होता, त्यामुळे तेवढाच पुसून पुन्हा काढला, आणि संध्याकाळच्या आत नवी शीट तिच्या हातात दिली.